गरम इंजिनवर ‘व्हॉल्व्ह सेटिंग’ आणि माझे २८,३४० रुपये

सहा वर्षं डर्ट बाइक चालवतोय. नवखा नाही. म्हणूनच हे लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर पुढचा बळी तुमच्यातलाच कुणीतरी असेल.

रेस आठ दिवसांवर आली होती. ट्रॅकच्या कडेला ताडपत्रीखाली एक मेकॅनिक बसतो. तिघा रायडरांनी त्याचं नाव सुचवलं होतं, म्हणजे मी काही आंधळेपणाने गेलो नव्हतो. सरावाच्या फेऱ्या मारून गाडी थेट त्याच्या स्टँडवर चढवली. त्याने फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवरून बोट फिरवलं, तेलकट बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, “दादा, सील गेले.” तेल दिसलं की आपण घाबरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खरं तर बऱ्याचदा तेल अडवणाऱ्या या रबरी सीलच्या ओठात माती अडकलेली असते. डस्ट सील, म्हणजे बाहेरचं धुळीचं सील, खाली ओढून पातळ प्लॅस्टिकची पट्टी फिरवली की गळती थांबते. तेवढं आधी करून बघा, मगच सीलचे पैसे मोजा.

चाळीस मिनिटांत काम ‘फिनिश’. चिठ्ठीवर लिहिलेला हिशेब असा: व्हॉल्व्ह सेटिंग २,२००, फोर्क सील आणि तेल ३,४५०, लिंकेजचे (मागच्या शॉकअपच्या जोडदांड्यांचे) बेअरिंग ग्रीसिंग १,६००, इंजिन ऑइल १,३००, चेन आणि स्पोक ८००, फिल्टर वॉश ३९०. एकूण ९,७४०. वर सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, ‘आपल्याकडून फ्री’. मला गाडीवर न बसवता सॅग सेट केला म्हणे! पूर्ण गिअर घालून रायडर बसल्याशिवाय तो मोजणार कसा?

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. गाडी मी तापलेली दिली होती. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातलं बारीक अंतर, थंड इंजिनवरच मोजतात, हे मला माहीत होतं. मी विचारलंसुद्धा. तो हसला, “गरम असलं की उलट पटकन सेट होतात, दादा.” आणि मी मान डोलावली! दमलो होतो, फोन वाजत होता, सगळं खरं, पण मान मीच डोलावली.

घरी गाडी धुताना लिंकेजचा बोल्ट पाहिला. त्याच्या षटकोनी खाचेत लाल माती घट्ट वाळलेली, तिच्यात गवताची काडी रुतलेली. पाना लावला असता तर ती काडी तिथे राहिली असती का? तरीही मनाला समजावलं की एवढं एक विसरला असेल.

रेसनंतर दोन सराव झाले आणि गाडी थंड असताना सुरू होईना. दुसऱ्याकडे उघडली. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हचं अंतर पुस्तकात ०.१० ते ०.१५ मिमी दिलंय, इथे अंतर मोजायचं ०.०४ चं पातंही अडकत जात होतं. एअर फिल्टर कोरडा ठणठणीत. फोमला फिल्टर ऑइल नसेल तर बारीक धूळ सरळ आत जाते, व्हॉल्व्ह आणि तो टेकतो ती सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर संपतं. इंजिनच्या हेडच्या कामाचे १८,६०० गेले. फिल्टर धुवून आणलात तर बोट लावून बघा, चिकटलं पाहिजे. गाडीची सीट काढून फिल्टर बघायला मिनिटभर लागतं, तेही मी केलं नाही. फोर्कमध्ये जुनेच सील निघाले. ऑइल तेवढं खरंच बदललं होतं, हे कबूल.

पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न, “गाडीला नंबर प्लेट कुठंय?” ट्रॅकची गाडी आहे, रस्त्यावर आणत नाही, हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनीच मला विचारलं की गाडी ज्यात घालून आणतो त्या पिकअपचे कागद आहेत का. फसवलेला मी, तपासणी माझी! शेवटी “हा दिवाणी मामला” म्हणून बाहेर काढलं. ग्राहक तक्रारीसाठी पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे ऑइलचे डाग पडलेली चिठ्ठी. तज्ज्ञाचा अहवाल मागितला, तर ज्याने इंजिन उघडलं तो म्हणतो, “लेखी नको, साहेब, रोज याच ट्रॅकवर काम करायचंय.” गाडीच्या कंपनीने बाहेरच्या कामाशी संबंध नाही म्हणून फोन ठेवला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. सगळे आपापल्या जागी बरोबर, मूर्ख फक्त मी.

आता सर्व्हिसला देण्याआधी प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावतो. जुने सील हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. व्हॉल्व्हचे आकडे आधीचे आणि नंतरचे, मिलिमीटरमध्ये, कागदावर मागतो. ‘सेट केलं’ हा आकडा नाही.

मागच्या रविवारी त्याच ताडपत्रीखाली एका पोराची गाडी स्टँडवर होती, तापलेला सायलेन्सर अजून टिकटिकत होता. बाजूला घेऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “काका, तुमचं त्यांच्याशी काही भांडण आहे का?”