किडनीसाठी लघवीची कोणती तपासणी करावी: पट्टी, एसीआर की चोवीस तासांचा कॅन?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांना शुगर होऊन अकरा वर्षं झाली. अधूनमधून युरीन रुटीन व्हायची, अल्ब्युमिन या प्रथिनापुढे 'निल' (म्हणजे नाही) लिहून यायचं आणि घरचे निर्धास्त व्हायचे. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनच्या प्रमाणाची तपासणी, करायला लावली. आकडा आला १८०; तो ३०च्या आत हवा.

'निल' खोटं नव्हतं. रुटीनमध्ये लघवीत एक पट्टी बुडवतात. प्रथिन जात असेल तर तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवट होतो. पण त्या घटकेला लघवीत प्रथिन किती दाट आहे, एवढंच तिला कळतं. आणि मामा लॅबला निघताना तांब्याभर पाणी पिऊन निघायचे, लघवी लवकर व्हावी म्हणून. लघवी पातळ, चौकोन पिवळाच. उलट, भर उन्हात शेतात राबून आलेल्याची लघवी इतकी दाट असते की पट्टी उगाच रंग धरू शकते. पट्टी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, रक्त, पू, साखरही दाखवते. शिबिरात ती हवीच. शुगर-बीपीच्या माणसाने मात्र तिच्या 'निल'वर विसंबू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

एसीआरमध्ये त्याच लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो शरीरातला टाकाऊ पदार्थ) दोन्ही मोजून प्रमाण काढतात. पाणी जास्त प्यालं तर दोन्ही सारखेच पातळ होतात, प्रमाण फारसं ढळत नाही. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० वाढलेलं, ३००च्या वर फारच वाढलेलं. सकाळची पहिली लघवी उत्तम. डबी आदल्या दिवशी लॅबमधून आणून ठेवायची. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशी अंगमेहनत झाली असेल तर थांबा, कारण आकडा फुगतो. एका आकड्यावर 'किडनी गेली' म्हणून रडारडही नको. बिघाड तीन महिने किंवा जास्त टिकला, तरच तो जुनाट आजार ठरतो. मामांची तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हाही १७२ आली.

चोवीस तासांचा कॅन ऐकायला सगळ्यात पक्का वाटतो. सकाळची पहिली लघवी सोडायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत थेंबन्‌थेंब कॅनमध्ये. शेतावर किंवा बेळगावच्या बसमध्ये असलेल्या माणसाला हे जमत नाही; एकदा बाहेर जाऊन आला की हिशेब चुकला. तोंडा-पायांवर सूज असेल, प्रथिन खूप जात असेल किंवा शरीर फारच रोडावलं असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा करा. आपणहून नको.

रक्तातलं क्रिएटिनिन मात्र एसीआरच्या जोडीला हवंच, कारण त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढतात. ६०च्या खाली तीन महिने राहिला तर लघवी चांगली असली तरी आजार धरतात. उलटही होतं: मामांचं क्रिएटिनिन नॉर्मल होतं, लघवीने आधी सांगितलं. म्हणून टाइप २ शुगर निघाली त्या दिवसापासून दर वर्षी दोन्ही करायच्या.

आपल्याकडची एक अडचण वेगळीच. निपाणीचे लोक कोल्हापूरला दाखवतात, अथणीचे मिरजेला, आम्ही बेळगावला; कधी तिकडे, कधी इकडे. रिपोर्ट जोडून बघताना आकड्यापुढचं एकक वाचा. काही लॅब मिलिमोलमागे मिलिग्रॅम देतात, त्यात ३० ऐवजी ३ ही हद्द असते. एकक न बघता दोन कागद शेजारी ठेवले तर आजार पळाल्यासारखा दिसेल. जमलं तर लॅब एकच ठेवा.

औषध लागू पडतंय का, हेही एसीआरच दाखवते. मामांना टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) आणि डापाग्लिफ्लोझिन (शुगरची गोळी) सुरू झालं, जेवणातलं मीठ-लोणचं आवरलं, गुडघ्यासाठी मनानेच घ्यायचे ती पेनकिलर बंद केली. परवाचा आकडा १२० आला. पुढची डबी आणून मोरीच्या फळीवर ठेवली आहे, तांब्याच्या अलीकडे.