पॅनासॉनिक टीईएस८२४ चं मेंटेनन्स कन्सोल: प्रोग्रामिंग सोपं, इन्स्टॉलेशन किचकट

दवाखाने, लॉज, छोटे कारखाने, सोसायट्यांची ऑफिसं अशा कितीतरी ठिकाणी पॅनासॉनिकचा केएक्स-टीईएस८२४ हा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) अजून भिंतीवर चालू आहे. मुळात ३ लाइन आणि ८ एक्स्टेंशन, कार्डं टाकली की ८ आणि २४ पर्यंत. यंत्र दणकट आहे. गाडी अडते ती पीसीवरच्या मेंटेनन्स कन्सोलपाशी, म्हणजे त्याचं प्रोग्रामिंग करायच्या सॉफ्टवेअरपाशी, कारण हे सॉफ्टवेअर विंडोज ९८-एक्सपीच्या जमान्यातलं आहे.

एकदा कनेक्ट झालं की मात्र कन्सोल उत्तम. कोणत्या लाइनची रिंग कुठल्या एक्स्टेंशनवर वाजवायची, एसटीडी कोणाला बंद ठेवायचं, हे सगळं तक्त्यात समोर दिसतं.

खरा त्रास ईपीएबीएक्स पीसीला जोडून देणाऱ्या यूएसबी ड्रायव्हरचा. आधी ड्रायव्हर टाका, मगच केबल लावा. क्रम उलटा झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधली पिवळ्या त्रिकोणाची नोंद अनइन्स्टॉल करून पुन्हा सुरुवात करा. तिथे कोड २८ दिसला तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड ५२ असेल तर विंडोजने त्याची डिजिटल सही नाकारली आहे. जुन्या सीडीवरचा ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालणारच नाही. कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवायची सोय) प्रोग्रामला लागू होतो, ड्रायव्हरला नाही. त्यात वेळ घालवू नका. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं. अशा वेळी ३२-बिट विंडोज ७ किंवा एक्सपीचा जुना लॅपटॉप हाताशी ठेवणं सगळ्यात बिनघोर. व्हर्च्युअल मशीनमध्येही (पीसीच्या आत चालवलेल्या दुसऱ्या विंडोजमध्ये) जमतं, फक्त यूएसबी डिव्हाइस त्या मशीनकडे वळवायला विसरू नका.

दुसरा रस्ता आरएस-२३२सी या जुन्या सिरियल पोर्टचा. इथे स्वस्त यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर घात करतो. त्यात जुनी किंवा नकली पीएल२३०३ चिप असली की नव्या विंडोजमध्ये पोर्टच्या नावाऐवजी ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असा मजकूर येतो आणि पोर्ट उघडत नाही. एफटीडीआय चिपचा अस्सल कन्व्हर्टर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कन्सोलच्या यादीत तुमचा कॉम पोर्ट (विंडोजने सिरियल पोर्टला दिलेला नंबर) दिसत नसेल तर पोर्ट सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन त्याला खालचा रिकामा नंबर द्या. बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, पीसी आणि ईपीएबीएक्स दोन्हीकडे एकच हवा.

सॉफ्टवेअर बसलं, पण सेव्ह केलेली फाइल सापडत नाही? प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसली की विंडोज जुन्या प्रोग्रामच्या फाइल्स गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर या फोल्डरमध्ये ठेवतं. कन्सोल सरळ सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा.

काम तातडीचं आणि किरकोळ असेल, तर पीसीच्या नादी लागूच नका. डिस्प्लेवाल्या पॅनासॉनिक प्रोप्रायटरी फोनवर (कंपनीच्या ईपीएबीएक्ससाठीच्या खास फोनवर) प्रोग्राम, स्टार, हॅश आणि पासवर्ड दाबा. ००० वर तारीख-वेळ, ००१ वर स्पीड डायलचे नंबर बदलतात. फॅक्टरीतून येणारा पासवर्ड १२३४ आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो तसाच पडून असतो, तो आजच बदला.

पॅनासॉनिकने ईपीएबीएक्सचा व्यवसाय आवरता घेतला आहे. त्यामुळे चालू असलेला ड्रायव्हर, कन्सोलचा सेटअप आणि ईपीएबीएक्समधून पीसीवर उतरवलेला सिस्टिम डेटा, तिन्ही एका पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवा.