गीझर बोलायला लागला तेव्हा : सोळा महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही इंदूरच्या महाराणी रोडवरून १५ लिटरचा, २००० वॅटचा, पाच स्टारवाला गीझर घेतला. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. यंत्र वाईट नाही, आणि बाकी जे वाईट निघालं ते थोडं कंपनीचं, थोडं आमच्या पाण्याचं आणि बरंचसं माझं.

पहिला हिवाळा कौतुकात गेला. सकाळी बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहा पिऊन कप धुऊन होईपर्यंत दिवा बंद. दुकानदाराने 'दस मिनट में गरम' सांगितलं होतं, त्यावर विसंबू नका. इंदूरच्या जानेवारीत टाकीतलं पाणी १५ अंशांच्या आसपास असतं. ते ६०पर्यंत न्यायला पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे २००० वॅटला तेवीस-चोवीस मिनिटं. यापेक्षा लवकर होणं शक्यच नाही, स्टार कितीही असोत.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गीझर बोलायला लागला. आधी लाह्या फुटाव्यात तसा बारीक आवाज, तोही पाणी तापत आल्यावर. डिसेंबर लागेपर्यंत पातेल्यात खडे घालून उकळायला ठेवल्यासारखी खडखड, मधूनच एक दणका. बाथरूमला लागूनच सासूबाईंची खोली आहे. पहाटे साडेपाचला त्या उठून बसायच्या. "आमचा बंब बरा होता. धूर करायचा, पण तोंड मिटून," हे मी रोज ऐकलं.

नऊ डिसेंबरला तक्रार नोंदवली. लगेच मेसेज आला, ४८ तासांत तंत्रज्ञ येईल. तो आला पाचव्या दिवशी, आणि मधल्या चार दिवसांत फोनवर एकच वाक्य, "भाभीजी, बस निकल ही रिया हूं." आला, गीझर चालू करून दोन मिनिटं कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "खार जम गई है. वारंटी में नहीं आएगी." मी कपाटातून कार्ड काढलं. टाकीला पाच वर्षं, एलिमेंटला (पाणी तापवणाऱ्या आतल्या कांडीला) दोन वर्षं, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत : जड पाण्यामुळे साचलेले क्षार यात धरलेले नाहीत. सही माझीच होती.

पैसे घे आणि साफ कर म्हटलं, तर तेही लगेच होईना. खालचं झाकण उघडलं की त्याचं रबरी गॅस्केट बदलावं लागतं, जुनंच लावलं तर गळतं, आणि आमच्या मॉडेलचं गॅस्केट इंदुरात नव्हतं. एका रबरी कड्यासाठी आम्ही आणखी वीस दिवस थांबलो. सेवेचे गुण मी इथेच कापले. जो भाग प्रत्येक सफाईला लागणार हे कंपनीला ठाऊक आहे, तो मेकॅनिकच्या पिशवीत नको?

ते वीस दिवस बादलीत इमर्शन रॉड टाकून काढले. (रॉड वापरणाऱ्यांनी आधी प्लग काढायचा आणि मगच पाण्यात हात घालायचा. घरात लहान मूल असेल तर दाराला कडी लावून.) पण खरा उलगडा त्या रॉडनेच केला. नवाकोरा चकचकीत रॉड आठ दिवसांत चुना फासल्यासारखा पांढरा झाला. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. सासूबाईंनी त्यातला एक बशीत घेऊन वर लिंबू पिळलं, तर तो फसफसला. त्या म्हणाल्या, "बंब चिंचेने का घासत होते, आता कळलं?"

आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत. एकीत नर्मदा, दुसरीत बोरिंग. १९७८ साली नर्मदा शहरात आली तेव्हा सासूबाई नुकत्याच लग्न होऊन इथे आल्या होत्या. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटरवरून घाट चढवून आणलेलं पाणी आंघोळीला ओतायचं नाही, हा तेव्हापासूनचा घरचा नियम. त्यामुळे स्वयंपाकघराला नर्मदा आणि बाथरूमला बोरिंग. आरओवाल्याच्या मीटरवर नर्मदा दोनशेच्या जवळपास दिसली, बोरिंग सातशेच्या वर. हा आकडा सगळ्याच विरघळलेल्या क्षारांचा असतो, नुसत्या जडपणाचा नव्हे, पण रॉड बघितल्यावर आणखी पुरावा नको होता. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे २०० मिलीग्रॅम कठीणपणा बरा मानतं, आणि दुसरी सोय नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतं. माणूस चालवून घेतो, एलिमेंट घेत नाही.

आवाजाचं कारण मेकॅनिकने नंतर छान समजावलं. जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटून एलिमेंटवर आणि तळाशी बसतो. त्या थराखाली अडकलेलं पाणी वरच्या पाण्याच्या आधी उकळतं, वाफेचे बुडबुडे थरातून वाट काढतात आणि वरच्या गार पाण्यात पटकन विरतात. तीच ती खडखड. साठ अंशांच्या वर तापवलं की थर अधिकच भराभर चढतो. आमचं तापमानाचं बटण वर्षभर शेवटच्या रेघेवर होतं.

तीन जानेवारीला गॅस्केट आलं. मेकॅनिकने मेन स्विच पाडला, पाणी सोडलं, झाकण उघडलं आणि खाली धरलेल्या घमेल्यात धबकन पांढरा चिखल आला. त्यात अंड्याच्या टरफलासारखे कपचे, दोन मग तरी भरले असते. एलिमेंट मनगटाएवढं जाड झालेलं. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. तो गंज स्वतःवर घेतो आणि झिजत जातो. आमचा उदबत्तीच्या काडीएवढा उरला होता. "एक सर्दी और निकल जाती तो टंकी गई थी." टाकीला पाच वर्षांची हमी आहे म्हणून मी निर्धास्त होते, आणि हा रॉड बदलायचा असतो हे मला विकताना कोणी सांगितलं नव्हतं. एलिमेंट त्याने लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवलं, हातोडी लावली नाही, हे मला आवडलं. नवा ॲनोड, गॅस्केट आणि मजुरी मिळून साडेअकराशे रुपये.

त्यानंतर प्लंबरकडून एकच काम करून घेतलं. गीझरला तेवढी नर्मदेच्या टाकीतून वेगळी लाइन. नर्मदा एक दिवसाआड येते, पण गीझरपुरतं पाणी सहज पुरतं. बादलीत मिसळायचं गार पाणी अजून बोरिंगचंच. नियम मोडला म्हणून सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी सात वाजेपर्यंत झोपल्या. बटण आता ५५वर आहे. मार्च लागलाय, आवाज अजिबात नाही, दिवा पुन्हा चहाच्या वेळेत बंद होतो.

यंत्राला पाचपैकी चार, सेवेला दीड. तो अर्धा त्या मेकॅनिकसाठी. जाताना त्याच्याकडून जादाचं एक गॅस्केट मागवून घेतलं. मसाल्याच्या डब्यामागे ठेवलंय, वर तारीख लिहून.