शाळेचं पालक-ॲप : जून ते मार्च, तिसरीतल्या मुलाच्या आईचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मुलाच्या शाळेने छापील डायरी बंद केली आणि पालकांसाठी ॲप आणलं. वर्षाचे 350 रुपये फीमध्येच लावलेले, त्यामुळे घ्यायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. नाव मुद्दाम लिहीत नाही. ठाण्यातच इतर शाळांत मुलं असलेल्या दोन मैत्रिणींचे फोन पाहिले. ॲपचा रंग वेगळा, कुरकुर तीच.

आधी चांगलं सांगते. प्रकल्पांसाठी हे ॲप खरंच कामाचं आहे. पूर्वी सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचा. रात्री दहाला कुणीतरी विचारायचं, "उद्या चार्टपेपर न्यायचा आहे का?" त्यावर पंधरा जणींचे अंगठे आणि उत्तर कुणाकडेच नाही. तोवर आमच्या लोकमान्य नगरातलं स्टेशनरीचं दुकान अर्धं शटर ओढून बसलेलं. आता आठ-दहा दिवस आधी प्रकल्प दिसतो, सोबत सामानाची यादी आणि "थर्माकोल आणू नये" अशी ठळक सूचना. रविवारी जांभळी नाक्यावर भाजीला गेलं की कार्डपेपर, घोटीव कागद तिथेच उरकतात.

एकदाच गडबड झाली, तीही ॲपमुळे नाही. विषय होता आपला जिल्हा: नकाशा, तालुके आणि एक किल्ला. आजोबांनी उत्साहाने नातवाला पंधरा तालुके लिहून दिले, जव्हार-मोखाड्यासकट. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याकडे सातच तालुके उरले, हे त्यांच्या गावीच नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. शेवटी नकाशातला वरचा भाग रंगवायचा नाही यावर तह झाला. किल्ला मात्र शहापूरचा माहुली, त्यावर एकमत.

आता रोजच्या गृहपाठाकडे येते. इथे ॲपने आमचं गणित बिघडवलं.

नोंदणी एकाच मोबाइल नंबरवर होते. आमच्याकडे तो नवऱ्याचा, आणि तो आठवड्यातले तीन दिवस पुण्याला. मधूनच ॲप आपोआप लॉगआउट होतं, मग ओटीपी पुण्यात आणि मूल ठाण्यात. शिवाय दुपारी एकपासून मी येईपर्यंत मुलगा सासूबाईंकडे असतो. गृहपाठाला बसवणाऱ्या त्याच आणि त्यांचा फोन बटणांचा. डायरी होती तेव्हा दप्तर उघडून त्या स्वतः वाचायच्या, खाली सही ठोकायच्या. ॲप आल्यावर नातू सांगेल तेच खरं. "आज काही दिलं नाही म्हणतो गं," असं त्या म्हणायच्या, तोवर स्वारी खाली क्रिकेट खेळून आलेली असायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची एक संध्याकाळ डोक्यात राहिली. ठाणे स्टेशनवरून टीएमटीच्या बसला लटकत घरी पोचले, चप्पलही काढली नव्हती. विचारलं, "गृहपाठ काय आहे रे?" पेन्सिलीला टोक काढता काढता, मान वर न करता तो म्हणाला, "बाबाच्या फोनमध्ये असेल." चुकीचंही बोलला नाही! शाळा गृहपाठ आम्हाला कळवत होती. त्याने लक्षात ठेवायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. बाईंशी बोलले, त्यांनी शेवटच्या तासाची पाच मिनिटं दिली. फळ्यावरचं तो स्वतः उतरवतो, आजी वाचते, सही करते. रात्री नवऱ्याकडून ॲपचा स्क्रीनशॉट मागवून मी नुसती पडताळणी करते. सुरुवातीला निम्मं सुटायचं, त्यासाठी वर्गात ओरडाही खाल्ला. जानेवारीतल्या एका पानावर लिहिलंय: "गणित – 12 चा पाढा 2 वेळा. परिसर – काही नाही (खरंच)." कंसातला शब्द आजीसाठी, कारण तोवर तिचा विश्वास उडालेला. आता बऱ्याच मुलांकडे अशी वही आहे. बाई हसत म्हणाल्या, "डायरीच परत आणलीत की!"

ॲपचा एक उपयोग मात्र मी धरलाच नव्हता. डिसेंबरच्या पालकसभेत एका वडिलांनी केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाचा कागद काढला. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं आहे. मग आम्ही तिथेच बसून ॲपमधल्या मागच्या आठवड्याच्या नोंदींची बेरीज केली. आमच्या अंदाजाने चार तासांच्या वर गेली. प्रत्येक बाईंनी आपल्या विषयापुरतं थोडंच दिलेलं, पण एकत्र कुणी पाहिलं नव्हतं. कागदी डायरीतून हे इतक्या पटकन निघालं नसतं. तेव्हापासून मराठी आणि गणित आलटून पालटून येतं. परीक्षेच्या आधी पुन्हा सगळं एकदम आलं, ते सोडा.

बाकी तक्रारी किरकोळ. सूचना कागदाच्या फोटोच्या रूपात येतात, त्यामुळे मराठीत काही शोधायला गेलं की सापडत नाही. फोटोंच्या विभागात आपलं मूल नेहमी कुणाच्या तरी पाठीमागे. कुणी सूचना पाहिली नाही ते बाईंना लाल आकड्यात दिसतं म्हणे, आणि त्या लाल आकड्यात आमचं घर कायमचं. गृहपाठाची नोंदही कधी चारला, कधी रात्री नऊला पडते. चाळीस-पंचेचाळीस वह्या तपासून वर हे भरायचं, तर बाईंना काय बोलणार?

पाच पैकी तीन तारे देते, तेही प्रकल्पांमुळे. पुढच्या वर्षीचे पैसे पुन्हा फीतूनच जातील. जूनमध्ये शाळा उघडली की पहिलं काम, कार्यालयात अर्ज देऊन माझा नंबर जोडून घेणं. चौथीसाठी आजीने शंभर पानी वही आत्ताच आणून कपाटात ठेवली आहे.