ट्रॅकडेच्या गाडीला रोल केज: स्वस्तात कुठून, कसला, आणि मुळात घ्यावा का?

रोल केज म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा. विदर्भातून ट्रॅकडेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, निघणाऱ्यानं आधी नकाशा बघावा, पाइपाचा भाव नंतर विचारावा. पांढरकवड्याहून ४४ नंबरचा हायवे धरून हैदराबादमार्गे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं तर हजाराच्या आसपास किलोमीटर होतात. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे बाराशेच्या वर जातो. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, तेही हजाराच्या पुढंच. आणि तिथं पोचल्यावर दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांची चार-पाच सत्रं मिळतात. म्हणजे केज लावला, तर त्याखाली हेल्मेट घालून तुम्ही तास-दीड तास बसणार आणि हेल्मेटशिवाय जाता-येता चार दिवस. पुण्या-चेन्नईच्या माणसाचं गणित असं नसतं. म्हणून त्यांचे सल्ले जसेच्या तसे उचलून वणी-हिंगणघाटच्या पोरांनी गाडी कापायला घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

कारण सरळ आहे. केज हा हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी बनवलेला असतो. गाडीच्या पत्र्याच्या आत, डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी आली, की एरवी बेल्ट आणि एअरबॅगवर निभावली असती अशा धडकेतही उघडं डोकं त्या नळीवर आपटू शकतं. नळीवर फोम गुंडाळला की काम झालं, असं बरेच जण समजतात. पण एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) ८८५७-२००१ मानकाचा जो खरा फोम आहे, तो हाताला कडक लागतो, कारण तो हेल्मेटची धडक झेलायला केलेला असतो. उघड्या कवटीला त्याचा फारसा आधार नाही. दुकानात मिळणारा एसीच्या पाइपाचा मऊ काळा फोम तर दोन्हीकडून निकामी.

केज न लावणं हाही पर्याय आहे

तुमची गाडी घरचीच असेल, तिच्यात बायको-मुलं बसत असतील, कापूस विकून आल्यावर बाबा तीच घेऊन यवतमाळला जात असतील, तर केज लावू नका. माझं मत इथं ठाम आहे. सर्किटवर कडेला मोकळी जागा असते, झाडं-नाल्या नसतात. रॅलीच्या मानानं गाडी उलटण्याची शक्यता कमी. साध्या ट्रॅकडेला हेल्मेट लागतंच, केजचा आग्रह सहसा स्पर्धेत उतरणाऱ्यांना असतो; तरी आयोजकाला आधी फोन करून विचारा. ज्या गाड्यांना छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या कर्टन एअरबॅग आहेत, त्यांच्यात फुल केजची, म्हणजे पुढच्या काचेपर्यंत येणाऱ्या केजची, नळी नेमकी त्या एअरबॅगच्या वाटेत येते. कंपनीनं दिलेलं संरक्षण बाद करून आपलं बसवायचं, तर आपलं त्याहून चांगलं असल्याची खात्री पाहिजे.

तेच पैसे चांगले ब्रेकपॅड, ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, चार सारखे टायर आणि मोटारीच्या शर्यतीसाठीचं हेल्मेट यात घातले तर पहिली काही वर्षं मजेत निघतात.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. केज नाही तर निदान चार पट्ट्यांचा हार्नेस लावू, असा विचार करू नका. साध्या तीन टोकांच्या बेल्टमध्ये छत खाली आलं तर अंग बाजूला झुकायला वाव असतो. हार्नेस माणसाला ताठ उभा बांधून ठेवतो आणि छत वरून येतं. हार्नेस, रेसिंग सीट आणि मागचा मेन हूप (सीटमागची उभी नळीची कमान) ही तिन्ही एकत्रच घ्यायची, नाहीतर एकही नको.

हाफ केज की फुल केज

हाफ केज म्हणजे पुढच्या सीटांच्या मागं उभा मेन हूप, त्यातून मागं जाणारे दोन सरळ बॅकस्टे, एक तिरपा आधार आणि हार्नेससाठी आडवी नळी. फुल केजमध्ये याला पुढच्या काचेच्या कडेनं खाली उतरणारे पाय आणि दारातल्या नळ्या जोडल्या जातात. ४५ मिमी व्यासाची २.५ मिमी जाड नळी मीटरला साधारण २.६ किलो भरते, ३८ मिमीची तेवढ्याच जाडीची २.२ किलो. त्या हिशोबानं छोट्या हॅचबॅकचा हाफ केज प्लेटांसकट २५ ते ३० किलो आणि फुल केज ५५ ते ६५ किलोच्या घरात जातो.

गाडी चालवतच ट्रॅकवर न्यायची असेल, तर या दोघांत हाफ केजच. पुढच्या माणसाच्या कपाळासमोर आणि कानाशेजारी नळी येत नाही. चढा-उतरायला अडचण नाही. बोल्टचा असेल तर सोडवताही येतो. पण मागच्या सीटवर त्यानंतर कोणालाही बसवायचं नाही, लहान मुलाला तर अजिबात नाही, कारण मेन हूप नेमका त्याच्या तोंडासमोर येतो. सीट काढूनच टाका, म्हणजे लग्नसराईत कोणी आग्रह करणार नाही. फुल केज फक्त त्यानं घ्यावा, ज्याची गाडी रस्त्यावरून कायमची उतरली आहे आणि कॅरिअरवर (गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर) चढून ट्रॅकला जाते, किंवा ज्याला पुढं ऑटोक्रॉस-रॅलीत उतरायचं आहे.

कुठून घ्यावा

सर्वांत स्वस्त दिसतो तो अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातला चकचकीत केज. जीप-थारला लावतात तसला, २५ मिमीची पातळ स्टेनलेस नळी, जिन्याच्या रेलिंगला वापरतात ती. १.६ मिमी जाडीच्या अशा नळीची ४५ बाय २.५ शी तुलना केली, तर जाड नळी वाकण्याला सुमारे नऊपट जास्त विरोध करते. दुकानातला केज दिसायला केज आहे, एवढंच. अपघातात तो आत दुमडतो आणि माणसाला टोचतो. याला पर्यायांत धरूच नका.

दुसरा मार्ग परदेशी तयार केज. युरोपात चालणाऱ्या मॉडेलांसाठी बोल्टचे केज खोक्यात भरून मिळतात आणि काम सुबक असतं. पण खोकं अवाढव्य, वाहतुकीचं भाडं आकारमानावर लागतं, वर कस्टम ड्यूटी. शिवाय स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीसाठी बनवलेला आला, तर तिरप्या आधाराचं वरचं टोक डावीकडे येतं. ते चालकाच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे पाहिजे. ‘परवडणारा’ हा शब्द या मार्गाला बसत नाही.

तिसरा मार्ग जुना केज. रॅलीतून निवृत्त झालेल्या गाडीचा मिळतो म्हणून फोन येतात. तुमच्याच मॉडेलचा, बोल्टचा आणि गाडी कधीही न उलटलेली असेल तर पाहायला हरकत नाही. बोल्टची भोकं लांबट झालेली दिसली तर परत फिरा. वेल्ड केलेला केज ग्राइंडरनं कापून दुसऱ्या गाडीत जोडून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

राहिले दोन खरे पर्याय: रेसिंगच्या गावातला फॅब्रिकेटर, म्हणजे कोइंबतूर, चेन्नई, पुणे, नाहीतर आपला इथला, बुटीबोरी-हिंगणा एमआयडीसीतला किंवा तालुक्याच्या ठिकाणचा.

आपल्याकडचे कारागीर हाताचे पक्के आहेत. जिनिंगच्या शेडची कैची, ट्रॅक्टरची ट्रॉली, वखर, काय वाट्टेल ते करून देतात. मी केजचं बोलायला गेलो तर एक मिस्त्री म्हणाले, “भाऊ, मी केलेला ट्रॉलीचा हूक आजवर तुटला नाही, तं हे काय तुटन?” त्यांच्या वेल्डिंगवर माझा विश्वास आहेच. अडचण वेल्डिंगच्या आधीच सुरू होते, पाइपाच्या निवडीत आणि वाकवण्यात.

पाइप हाताशी असतो तो पाण्याचा. ४० एनबी मापाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप बाहेरून ४८.३ मिमी आणि चांगला जाड असतो, मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतो, म्हणून मजबूत वाटतो. पण तो पाणी वाहून न्यायला बनलेला, लांबीभर वेल्डची शिवण असलेला पाइप आहे. वाकवताना किंवा धडकेत तो शिवणीवर उकलू शकतो. जस्ताच्या मुलाम्यावर वेल्ड केलं तर सांधा सच्छिद्र होतो आणि त्या धुरानं मिस्त्रीला ताप भरतो. मागायचा तो कोल्ड ड्रॉन सीमलेस, बाजारात सीडीएस म्हणतात. एफआयएच्या परिशिष्ट जे मधल्या कलम २५३ नुसार साध्या कार्बन पोलादाची, किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणशक्तीची अशी नळी लागते: मेन हूपला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २.०, बाकीच्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.०. नागपुरात पाइपाच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे विचारा, आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पाइप किलोवर मिळतो आणि एकूण खर्चात त्याचा वाटा फार मोठा नसतो. इथं वाचवलेले पैसे सर्वांत महाग पडतात.

मग वाकवणं. त्या मिस्त्रींनी नळीत वाळू ठासून, गॅसच्या टॉर्चनं लाल करून, ट्रकच्या ड्रमभोवती वळवलेला एक नमुना दाखवला. लांबून गोल, सुबक. जवळ घेतल्यावर आतल्या बाजूला बोटाला तीन सुरकुत्या लागल्या. व्हर्निअर लावला तर एकीकडून ४७ मिमी आणि दुसरीकडून ४० मिमी. नियमात लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पट तरी भरला पाहिजे; इथं तो ०.८५ भरला. वळणाची त्रिज्याही नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी आणि वळण थंड अवस्थेतच दिलेलं हवं. त्यासाठी मॅन्ड्रेल बेंडर, म्हणजे आतून आधार देत नळी वाकवणारं यंत्र, लागतो. तो ज्याच्याकडे नाही, त्यानं सांध्यात कितीही चांगला टाका मारला तरी त्याचा हूप घेऊ नये. मिस्त्रींना हे व्हर्निअरवर दाखवलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. “मंग वाकवून बाहेरून आण, बसवून मी देतो,” एवढंच म्हणाले.

हा मधला मार्ग मला सर्वांत पटतो. रेसिंगच्या गावातल्या फॅब्रिकेटरकडून तुमच्या मॉडेलचा वाकवलेला आणि सांधलेला बोल्टचा हाफ केज मागवायचा. ट्रान्सपोर्टनं तो नागपुरात येतो. मग पायांच्या प्लेटा इथं बसवायच्या. फुल वेल्ड केजला ही युक्ती चालत नाही. तिथं गाडीच त्यांच्याकडे महिनाभर सोडावी लागते.

प्लेटांचं काम मात्र कमी समजू नका. गाडीचा तळ पाऊण-एक मिमीचा पत्रा असतो. त्यावर नळी नुसती टेकवली तर उलटताना ती पत्रा फाडून आरपार जाते. मेन हूपच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट बॉडीला वेल्ड केलेली हवी आणि किमान तीन एम ८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते वाचून घ्या. आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. काळी माती पावसाळ्यात खालच्या बाजूला थापून बसते आणि ओल धरून ठेवते. सिल (दाराखालची पट्टी) आणि मागच्या चाकाच्या कमानीजवळ स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. पत्रा भुगा होत असेल तर आधी पत्र्याचं काम, केज नंतर.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. एमएच २९ पासिंगची, आत पिंजरा असलेली गाडी घेऊन हजार किलोमीटर परराज्यात जाताना हे डोक्यात असू द्या. विम्यातही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. रस्त्यावरच्या अपघातात न कळवलेल्या बदलावरूनही दावा अडू शकतो. केज लावलेली गाडी कॅरिअरवर टाकून न्यावी, याचं दुसरं मोठं कारण हेच. दोघा-तिघांनी मिळून एक गाडी ट्रॅकची ठेवली आणि कॅरिअरचं भाडं वाटून घेतलं तर ते आवाक्यात येतं. तेव्हा मग फुल केजचाही विचार मोकळेपणानं करता येतो.

फुल केज घ्यायचा ठरला, तर ताबा घेताना एकच तपासणी चुकवू नका. छताला लागून असलेल्या सांध्यांच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही, म्हणून तिथं अर्धाच टाका मारून सोडून देतात. जाणकार फॅब्रिकेटर तळाला भोकं पाडून केज खाली सोडतो, वरून पूर्ण टाका मारतो, मग उचलून खाली प्लेटा बसवतो. छताचं अस्तर लावण्याआधी जा, लहान आरसा आणि विजेरी घ्या, प्रत्येक सांध्याभोवती बोट पूर्ण फिरवा. बोट जिथं खाचेत अडकेल, तिथं खडूनं खूण करा आणि उरलेले पैसे ती खूण भरेपर्यंत खिशात ठेवा.