पाचव्या महिन्याचं स्कॅन करायचं असेल तर बेळगावच्या टिळकवाडीतलं हे सेंटर नक्की बघा

धाकट्या बहिणीला घेऊन खानापूरहून अ‍ॅनोमली स्कॅनसाठी (म्हणजे बाळाच्या अवयवांत काही दोष नाही ना ते बघणारी सोनोग्राफी) इथं आलेलो, सोबत तिच्या सासूबाई पण होत्या. पाच स्टार मी डॉक्टर मॅडमच्या समजावून सांगण्याला देतेय. आम्हाला कानडी येतं, पण पोटातल्या बाळाबद्दल मराठीत ऐकलं की जिवाला बरं वाटतं, आणि मॅडमनी आमचं आपापसातलं बोलणं ऐकून स्वतःहूनच मराठी सुरू केलं.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी डोकं आणि पाठ बघण्यात घालवला. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांची रुंदी १० मिलिमीटरच्या आत पाहिजे, ती व्यवस्थित होती. मग मागचा छोटा मेंदू, तोल सांभाळणारा. या दिवसांत जितके आठवडे साधारण तितके मिलिमीटर तो रुंद असतो म्हणे, आणि विसाव्या आठवड्यात आकडा विसाच्या आसपासच आला तेव्हा बहिणीचा चेहरा बघायला पाहिजे होता. याचा आकार बिघडलेला दिसला तर पाठीचा कणा पुन्हा नीट तपासतात, कारण कणा उघडा राहिला असेल तर हा मेंदू खाली ओढला जातो.

मला एक भीती वाटली ती अशी की मेंदू वरून जवळजवळ गुळगुळीत दिसत होता, चित्रात तर नुसत्या घड्याच असतात की! मॅडम म्हणाल्या आत्ता असाच असतो, पेशी आतल्या पोकळ्यांच्या कडेला तयार होतात आणि तिथून बाहेरच्या थरांकडं सरकत जातात, घड्या बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. सासूबाईंनी विचारलं आत्ता बोललेलं ऐकू जातं का, तर अजून काही आठवडे थांबा आज्जी, सहाव्या महिन्याच्या पुढं बाळ आवाजाला दाद द्यायला लागतं, असं सांगितलं. कुणाचाच प्रश्न उडवून लावला नाही.

पण खरी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली आणि ती लग्न झालेल्या प्रत्येक मुलीपर्यंत गेली पाहिजे. हाताचा पंजा उघडून तो हळूहळू मिटत त्यांनी दाखवलं, सुरुवातीला मेंदू म्हणजे एक सपाट पट्टी, तिच्या कडा वर उचलून एकमेकींना चिकटतात आणि नळी होते, त्याच नळीचा पुढं मेंदू आणि मज्जारज्जू. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत ही नळी बंद होते, नीट बंद झाली नाही तर कणा उघडा राहण्यासारखा दोष होतो. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर काम झालेलं असतं, आपल्याकडं तेव्हा कितीजणींना कळलेलं असतं सांगा? म्हणून हा धोका कमी करणारी फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून पाहिजे, आणि पुढं तीन महिने. घरी येऊन मी वाचलं, १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांत मिळून केलेला अभ्यास आहे, आधीच्या खेपेला असा दोष झालेल्या बायकांना ४ मिलिग्रॅमचा डोस दिल्यावर धोका ७२ टक्के कमी झाला. एवढा मोठा डोस मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचा नाही. आमच्या भागात पहिल्या तपासणीला गेल्यावरच गोळी हातात पडते, याचं मला फार वाईट वाटतं.

मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की स्कॅनमध्ये सगळं दिसत नाही, मेंदू शेवटपर्यंत आणि जन्मानंतरही वाढत असतो, काही दोष उशिरा कळतात, आणि बाळ हुशार होणार का ते कुठल्याच मशीनला सांगता येत नाही.

आता उणं काय ते पण लिहिते. बसायला खुर्च्या कमी, पोटुशा बायका उभ्या होत्या, हे सुधारलंच पाहिजे. पार्किंग नाही. बाळ पालथं होतं म्हणून बहिणीला फिरून यायला सांगितलं, त्यात अर्धा दिवस गेला, पण घाईत उरकलं नाही ते बरंच केलं. रिपोर्ट इंग्लिशमध्ये मिळतो, त्यामुळं काय विचारायचं ते तिथंच विचारून घ्या. मुलगा की मुलगी हे कायद्यानं सांगत नाहीत, कुणी विचारू पण नका. आधार कार्ड आणि थायी कार्ड (गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) घेऊन जा, अपॉइंटमेंट १८ ते २० आठवड्यांच्या मधली सकाळची घ्या, गावाकडून येणाऱ्यांना संध्याकाळच्या बसनं परत जाता येतं.