स्टीलच्या कॉफीपॉटचं किटण आणि एक पांढरी पावडर

स्टीलच्या थर्मासच्या किंवा फिल्टरच्या पोटात चढलेलं तपकिरी किटण काढायला सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ सगळं करून झालं की हात तारेच्या घासणीकडे जातो, आणि भांडं खरं बिघडतं ते तिथे. त्याऐवजी घरात सोडियम परकार्बोनेट असावं. ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून ऑनलाइन सहज मिळतं, दिसायला जाडसर मिठासारखं. कॉफीच्या तपकिरी डागापुरतं बोलायचं तर घरातलं दुसरं काही त्याच्या आसपास फिरकत नाही. मात्र ते सगळ्या डागांचं औषध नाही.

कॉफीच्या किटणात दोन गोष्टी असतात: बियांतलं तेल आणि भाजताना तयार झालेली तपकिरी रंगद्रव्यं. तेल हवेनं खवट होतं. ताज्या कॉफीलाही जुनाट, कडसर वास येतो तो त्याचाच. भांड्याच्या साबणानं वरवरचं तेल जातं, रंग जागचा हलत नाही. परकार्बोनेट गरम पाण्यात विरघळलं की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं. सोडा तेल सोडवतो, पेरॉक्साइड रंग तोडतं. दोन्ही कामं एकदम होतात, म्हणून घासावं लागत नाही.

प्रमाण लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. पाणी 60 ते 70 अंश हवं. उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की साधारण तेवढं येतं. गार पाण्यात पावडरचं काम फार सावकाश होतं. थेट उकळत्या पाण्यात टाकली तर ऑक्सिजन भराभर उडून जातो आणि डागापर्यंत पोचतच नाही. भांडं सिंकमध्ये ठेवा, आधी पावडर, मग अर्ध्यापर्यंत पाणी. फेस खाली बसला की काठापर्यंत भरा. पातळ राप अर्ध्या तासात सुटतो, वर्षभराचं किटण असेल तर रात्रभर राहू द्या. पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि खाली लखलखीत स्टील दिसतं. मग साध्या पाण्यानं तीन-चार वेळा विसळा. बोटाला बुळबुळीत लागतंय तोवर सोडा शिल्लक आहे असं समजा. हातात मोजे घाला, त्वचा कोरडी पडते.

झाकण लावायचं नाही. थर्मासचं तर नाहीच नाही. आत वायू तयार होत राहतो, घट्ट झाकणाखाली दाब वाढतो आणि उघडताना गरम, सोडामिश्रित पाणी तोंडावर उडतं. ‘टाका आणि हलवा’ असा सल्ला तांदूळ-सोड्याच्या उपायाला ठीक आहे, इथे नाही.

दाक्षिणात्य फिल्टरची गोष्ट थोडी वेगळी. तो पातळ पत्र्याचा, पाणी लगेच निवतं, म्हणून सगळे भाग सुटे करून गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवा. खरी अडचण वरच्या भांड्याच्या भोकांची. चिकोरी असलेली पूड बारीक आणि चिकट असते, भोकं आतून बुजतात, आणि डिकॉक्शन उतरेना की लोक पुडीला दोष देतात. भांडं उजेडासमोर धरून पाहा, अंधारी भोकं लगेच कळतात. भिजवल्यावर खालच्या बाजूनं मऊ ब्रश फिरवला की बहुतेक मोकळी होतात. गॅसच्या ज्योतीवर धरून जाळण्याची जुनी युक्तीही चालते, पण स्टीलवर निळी-सोनेरी छटा उमटते.

ती छटा, पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखी दिसणारी, परकार्बोनेटनं जात नाही. तळाशी बसलेला पांढरा खरखरीत थरही नाही. तो बोअरच्या पाण्यातला क्षार. या दोन्हींना लिंबूसत्व लागतं: लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर, 20 मिनिटं. पिशवीतल्या लिंबूसत्वाची ताकद ताज्या लिंबापेक्षा भरवशाची, आणि व्हिनेगरसारखा वास मागे राहत नाही. तपकिरी किटण आणि क्षार दोन्ही असतील तर आधी परकार्बोनेट, नीट विसळून मग लिंबूसत्व. एकत्र टाकू नका, आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. सोडा-व्हिनेगरच्या त्या लोकप्रिय फसफसीचं हेच होतं: बघायला छान, उरतं ते जवळपास खारट पाणी.

नुसता खाण्याचा सोडा अगदीच टाकाऊ नाही. काठावरच्या ओघळाला ओली पेस्ट लावून स्पंजनं पुसली तर निघतो. पोटातल्या जुन्या थरापुढे मात्र तो सौम्य पडतो. कवळी साफ करायच्या गोळ्या अरुंद तोंडाच्या थर्मासला सोयीच्या, पण त्याही याच जातीच्या आणि किमतीत महाग.

क्लोरीनवालं ब्लीच स्टीलमध्ये कधीच नको. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा असतो, क्लोराइड त्याला टोचून बारीक खड्डे पाडतं आणि तिथे गंजाचे ठिपके येतात. मिठाचं पाणी रात्रभर ठेवण्यातही तोच धोका. तारेच्या घासणीनं चरे पडतात, त्यांत पुढचं किटण लवकर बसतं. घासणी साध्या लोखंडाची असेल तर तिचे कण अडकून गंजतात.

खरेदी करताना पाकिटावर फक्त ‘सोडियम परकार्बोनेट’ लिहिलेलं पाहा. कपड्यांच्या डागांसाठीच्या सुगंधी पावडरीतही ते असतं, पण सोबत डिटर्जंट आणि अत्तर. कॉफीच्या भांड्यात ते कशाला? डबा कोरडा ठेवा, ओला चमचा घालू नका. जुनी पावडर चिमूटभर गरम पाण्यात टाकून पाहा, बुडबुडे आले नाहीत तर हातात नुसता धुण्याचा सोडा उरलाय.

अ‍ॅल्युमिनियमच्या मोका पॉटला ही पावडर लावू नका, सोड्यानं तो काळा पडतो. पितळी फिल्टरलाही नको. थर्मासच्या झाकणातली सिलिकॉनची रिंग वेगळी काढून भिजवा. धुतल्यावरही वास मारत राहिली तर ती बदलायची, थर्मास नाही.